चाकणची वही : तुकारामांची अखेरची वर्षे आणि येणारा चरित्रपट

चरित्रपटाला शेवट लागतो. कादंबरी वाचकाला संदिग्धतेत सोडून थांबू शकते, चरित्रग्रंथ दोन मते समोरासमोर मांडून निर्णय पुढच्या अभ्यासकावर सोपवू शकतो. पण पडद्यावर माणूस एक तर मरतो नाहीतर निघून जातो, आणि त्या क्षणी कॅमेरा कोठेतरी उभा असावाच लागतो. कवीच्या अखेरच्या वर्षांवर चित्रपट काढण्याचे एखाद्याने मनात आणले, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न म्हणूनच नटाचा नसतो, शेवटाचा असतो. मराठीत हा प्रश्न तुकारामांइतका अवघड अन्य कोणत्याही कवीने करून ठेवलेला नाही.

२०२५ या एकाच वर्षात तुकारामांवरील दोन चित्रपट प्रदर्शित झाले : आदित्य ओम यांचा हिंदी ‘संत तुकाराम’ आणि दिग्पाल लांजेकर यांचा मराठी ‘अभंग तुकाराम’. त्याआधी २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘तुकाराम’ आला होता आणि या सर्वांच्या मागे, आजही मापदंड म्हणून, प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ उभा आहे. ही मालिका येथेच खंडित होईल असे समजण्याचे कारण नाही. देहूचा कवी मराठी माणसाला पडद्यावर पुनःपुन्हा हवा असतो. तेव्हा जो अजून आलेला नाही त्या पुढच्या चित्रपटाचा आगाऊ विचार करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये. निर्माण झालेल्या कृतीचे मूल्यमापन हे समीक्षेचे काम आहेच. एखाद्या विषयातील कोणती शक्यता अद्याप कोणी हाताळलेली नाही हे दाखवणे हेही तिचेच काम आहे.

तुकारामांच्या अखेरच्या पर्वाविषयी परंपरा जे सांगते त्यात तीन घटना प्रमुख आहेत. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागणे ही पहिली, नदीकाठच्या शिळेवरील तेरा दिवसांचे निर्वाण मांडणे आणि वह्या पुन्हा वर येणे ही दुसरी, आणि शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेचे, म्हणजे इसवी सन १६५० चे, वैकुंठगमन ही तिसरी. या घटनांची सुसंगत, प्रसंगांनी भरलेली कथा प्रथम मांडली ती ताहराबादच्या महिपतींनी. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा. म्हणजे घटना आणि कथन यांत शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तुकारामांच्या जवळचा आवाज ऐकायचा तर तो त्यांच्या स्वतःच्या अभंगांत, वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या रचनांत आणि बहिणाबाईंच्या आत्मपर अभंगांत ऐकावा लागतो. हे तिन्ही आवाज कथेचे नाहीत. ते कृतज्ञतेचे, पश्चात्तापाचे, छळाच्या आठवणीचे आणि आत्मपरीक्षणाचे आहेत. पटकथेला हवा असलेला घटनाक्रम त्यांतून सलग हाती लागत नाही.

म्हणून चरित्रपट महिपतींकडे वळतो, आणि महिपती त्याला शेवट देतात : विमान. ज्यांना हे विमान मान्य नाही त्यांनी विसाव्या शतकात दुसरा शेवट पुढे केला : तुकारामांचा घात झाला असावा. आ. ह. साळुंखे यांचा ‘विद्रोही तुकाराम’ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर बंडखोर तुकारामांची प्रतिमा विद्यापीठीय चर्चेबाहेरही रुजली. विमान की घात, हा वाद महाराष्ट्रात केवळ ऐतिहासिक राहिलेला नाही. श्रद्धा, जात आणि ज्ञानाची मक्तेदारी यांविषयीचे सारे प्रश्न त्यात एकवटलेले आहेत. तुकारामांचे चरित्र कल्पनेच्या अंगाने लिहिणे किती जोखमीचे आहे हे आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीच्या निमित्ताने दिसले. वारकऱ्यांच्या आक्षेपांनंतर कादंबरी मागे घेतली गेली आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निर्वाचित अध्यक्षपदही यादवांना सोडावे लागले. पुढचा चरित्रपट काढणाराला हे विसरता येणार नाही. त्याचा शेवट सौंदर्यशास्त्रीय निवड असेल त्याहून अधिक सार्वजनिक विधान असेल.

परंतु हे दोन शेवट वाटतात तितके परस्परविरोधी आहेत काय? एकात देह आकाशात जातो, दुसऱ्यात तो नाहीसा केला जातो. दोन्हींत प्रश्न देहाचाच राहतो. एक उत्तर चमत्काराचे आणि दुसरे गुन्ह्याचे असले तरी दोन्ही कथनांची संरचना एकच आहे : एक नायक, एक प्रतिपक्ष, आणि देहाच्या अदृश्य होण्यात कथेची परिणती. तुकाराम ज्या कारणासाठी चरित्राचा विषय झाले ती कविता या परिणतीत कोठे आहे, हे यांपैकी कोणतेही कथन सांगत नाही. श्रद्धेच्या कथेत वह्या आपोआप तरंगून वर येतात. बंडाच्या कथेत त्या बुडवणाऱ्यांचा उद्दामपणा तपशिलाने येतो, पण नंतर त्या कशा उरल्या याविषयी कथन मुके असते. कविता टिकण्यासाठी कोणाचे तरी हात झिजावे लागतात ही साधी गोष्ट दोन्हीकडे निसटते.

प्रभातच्या चित्रपटाचे थोरपण असे की त्याने विमान दाखवूनही स्वतःला विमानाच्या स्वाधीन केले नाही. दामले-फत्तेलाल यांनी गरुडविमान आकाशात नेले खरे, पण प्रेक्षकाचे मन जिजाईपाशी जमिनीवर ठेवले. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जितका हलका, तितकी गौरीची जिजाई जड आहे : चूल, मुले, उपास आणि कडवट प्रेम यांचे ओझे वाहणारी. ती वैकुंठाला जात नाही. परंपरेनुसार त्या वेळी ती गरोदर होती. पुढे पालखी सोहळा सुरू करणारे नारायणमहाराज हे पित्याच्या पश्चात जन्मलेले पुत्र. जिजाई मागे राहिली म्हणून वंश उरला आणि वारीला देहूची पालखी मिळाली. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, आणि पुढे गीता कपूर यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यातील भक्ती व वास्तव यांच्या नात्याचा गंभीर विचार केला. तरीही जिजाईच्या जागेचा पूर्ण अर्थ मराठी चरित्रपटाने पुढे आत्मसात केला असे दिसत नाही. शेवट जाणाऱ्याचा नसून मागे उरणाऱ्यांचा असतो, हे त्या चित्रपटाने हळूच सुचवले होते.

त्याच चित्रपटाची दुसरी एक हकीकत संहिताविचाराच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. कथेच्या गरजेसाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग नव्याने रचला. तो इतका बेमालूम उतरला की अनेक जाणकारांनी तो तुकारामांचाच समजून गाथेत शोधला. आठवल्यांच्या कौशल्याला ही दाद होतीच. पण तुकाराम या नावाखाली काय येते आणि काय येत नाही हे ठरवणारी सीमा किती झिरपती आहे, याचाही हा पुरावा होता. चरित्रपटाने कवीचे आयुष्य दाखवता दाखवता त्याच्या संहितेत भर घातली. अर्थात ती सीमा चित्रपटाने पुसट केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती आधीपासूनच पुसट होती, आणि ती पुसट का होती हे पाहायचे तर देहूहून चाकणला जावे लागते.

चाकणचे संताजी तेली जगनाडे हे तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, आणि परंपरेने मानलेले त्यांचे लेखक. येथे लेखक हा शब्द जुन्या अर्थाने घ्यायचा : रचणारा नव्हे, लिहून घेणारा. अभंग बुडाल्यानंतर लोकांच्या तोंडून ते पुन्हा गोळा करून उतरवण्याचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते. वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांच्या आधारे ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ १९१९-२० मध्ये प्रसिद्ध केला आणि तो छापताना संताजींचे लेखन होते तसे ठेवले. त्यापूर्वी मुंबई सरकारच्या आश्रयाने शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात सिद्ध केलेली गाथा प्रमाण मानली जात होती. निरनिराळ्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहून तयार झालेली, साडेचार हजारांवर अभंगांची ती सुघटित आवृत्ती. तिच्या शेजारी भाव्यांची गाथा ठेवली की दोन वेगळे तुकाराम समोर येतात. एक ग्रंथालयातला, शुद्धलेखनाची शिस्त अंगी बाणलेला. दुसरा ऐकू येणारा, मावळी उच्चारांचा, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नसलेला.

‘अस्सल’ या शब्दावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो योग्यच होता. मूळ संहिता एक आणि तीच खरी, हा आग्रह मौखिक परंपरेत जन्मलेल्या कवितेला लावता येत नाही. पण भाव्यांच्या निर्णयाचे मोल त्यांच्या दाव्यापेक्षा मोठे आहे. अशुद्ध समजले जाणारे लेखन त्यांनी जपले, त्यामुळे कान आणि हात यांच्यामधली जागा शाबूत राहिली. ज्या शब्दाचे लेखन ठरीव पद्धतीने झालेले नाही, तो शब्द लिहिणाऱ्याने ऐकला होता. त्या वहीत तुकारामांचा आवाज आहे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र तो आवाज ऐकणारा एक कान त्या वहीत निश्चित आहे.

रोलां बार्त यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू जाहीर केला आणि त्याची किंमत देऊन वाचक जन्माला घातला. मराठी समीक्षेत या प्रमेयाची उजळणी पुष्कळ झाली. पण तुकारामांच्या संदर्भात ते वापरताना अडचण येते ती अशी की, येथे लेखक आणि वाचक यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा आहे. तो गातो, म्हणून वाचकापेक्षा अधिक आहे. तो रचत नाही, म्हणून कवीपेक्षा कमी आहे. आणि त्याच्यावाचून दोघांची भेट होत नाही. संताजी कीर्तनात ध्रुवपद धरत होते आणि वहीतही लिहीत होते. एकच माणूस कंठाने अभंग हवेत सोडतो आणि हाताने तो कागदावर आणतो. ध्रुवपदाची आवृत्ती ही श्रोत्यांना सामील करून घेण्याची रीत आहे हे सर्वज्ञात आहे; त्याच आवृत्तीने ऐकणाऱ्याच्या स्मरणात चरण पक्का बसतो आणि पुढे लेखणीला त्याचा आधार मिळतो, हेही तितकेच खरे. रूपबंधाचा विचार करताना ही बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही.

वह्या बुडवून कविता का मेली नाही, याचे उत्तर बहिणाबाईंकडे आहे. त्या कोल्हापूरला असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांत त्यांनी तुकारामांचे अभंग ऐकले होते, तेही तुकाराम हयात असताना. पुढे देहूला आल्यावर मंबाजींकडून झालेला छळ त्यांनी स्वतः नोंदवला. म्हणजे देहूतला विरोध वह्यांपर्यंत पोहोचला तेव्हा अभंग कोल्हापूरपर्यंत पोहोचलेले होते. इंद्रायणीत कागद बुडू शकत होते. परमुलखातील कीर्तनकाराच्या कंठातला अभंग बुडवण्याची सोय कोणाजवळ नव्हती. तेरा दिवसांनी वह्या वर आल्या या कथेचा अर्थ अनेकांनी असा लावला आहे की लोकगंगेने त्या तारल्या. हा अर्थ सुंदर आहे, पण त्यात एक आळस दडलेला आहे. लोक गातात, पण सगळेच लिहीत नाहीत. लोकांच्या कंठातून वहीपर्यंतचा प्रवास पायी करावा लागतो, दारोदारी विचारावे लागते, दोन पाठ ऐकले तर एक निवडावा लागतो, आणि तेलाचा व्यवसाय सांभाळून हे सारे करावे लागते.

येथे तुकारामांच्या आयुष्यातील आणखी एक जुनी कथा नव्या अर्थाने पुढे येते. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. म्हणजे एकाच नदीत दोनदा कागद गेले. पहिले कागद त्यांनी स्वतःच्या हाताने सोडले आणि ते वर यावेत असे त्यांना कधीच वाटले नाही. दुसरे दुसऱ्यांच्या दडपणाने गेले आणि त्यांच्यासाठी त्यांनी प्राण पणाला लावले. पहिल्या कागदांत इतरांनी त्यांचे देणे लागत असल्याची नोंद होती. दुसऱ्यांत ते स्वतः जगाचे काय देणे लागतात याची. वाण्याच्या घरातला कवी आणि तेल्याच्या घरातला लेखक यांना वही या वस्तूची ओळख पाठशाळेने करून दिलेली नव्हती, दुकानाने करून दिली होती. ज्यांना वेदाक्षरांचा अधिकार नाकारला गेला त्यांच्याकडे हिशेबाचे अक्षर होते, आणि मराठीतील एक सर्वश्रेष्ठ कविता त्या अक्षरातून आली. देहूतील वाद धर्माधिकाराचा होता यात शंका नाही. तो कोणते अक्षर अक्षर मानायचे याचाही वाद होता.

या भूमीवर आता चित्रीकरण करायचे तर कठीण आहे. प्रभातने आपले देहू मुख्यतः पुण्यातील स्टुडिओत उभारले. ती निर्मितीची तत्कालीन रीत होती. आज ती निरुपायाची ठरेल. देहूच्या एका बाजूला पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका आहे, दुसऱ्या बाजूला तळेगाव-चाकण रस्त्यावरची अखंड अवजड वाहतूक. तुकाराम एकांतासाठी ज्या भामचंद्राच्या डोंगरावर जात, त्याच्या पायथ्याच्या परिसरात चाकणच्या औद्योगिक वसाहतीचा विस्तार आहे. २००८ मध्ये शिंदे-वासुली येथे एका बहुराष्ट्रीय रसायन कंपनीचे संशोधन केंद्र होऊ घातले होते, तेव्हा ग्रामस्थ आणि वारकरी एकत्र येऊन विरोधाला उभे राहिले आणि तो प्रकल्प अखेर तेथे झाला नाही. ज्या इंद्रायणीने वह्या परत दिल्या असे सांगतात, तिच्यावर अलीकडच्या वर्षांत आळंदीपाशी पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसले आहेत. सतरावे शतक हवे असलेल्या दिग्दर्शकाला चौकटीतून हे सारे काढून टाकावे लागेल. संगणकाच्या साहाय्याने ते सहज जमेल आणि नदी निळी होईल.

पण काढून टाकले म्हणजे काय काय जाते, याचा हिशेब मांडला पाहिजे. चाकणच्या पट्ट्यात आज मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतून आलेले असंख्य लोक पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांचे काम बहुतांशी नाव नसलेले आहे. गाडीवर निर्मात्याचे बोधचिन्ह असते, जोडणाऱ्याचे नाव नसते. संताजींचे काम या जातीचे होते. प्रत्येक अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ येते. ती नाममुद्रा तुकारामांची, पण कागदावर ती उमटवणारा हात संताजींचा. दुसऱ्याचे नाव इमानाने शेकडो वेळा लिहायचे आणि आपले कोठेही घुसडायचे नाही, हा संयम लेखकाच्या प्रतिभेपेक्षा वेगळ्या जातीचा असला तरी कमी प्रतीचा नाही. चाकण हे आज मोटारींचे गाव म्हणून ओळखले जाते. ज्या वहीवरून भाव्यांनी तुकाराम छापला ती वही राखणारे घराणे याच गावाचे होते, हे तेथल्या रस्त्यावरून जाताना कोणाच्या लक्षात येत नसेल तर त्यात त्या रस्त्याचा दोष थोडा आणि मराठी वाङ्मयेतिहासाचा अधिक आहे.

देहूच्या गाथा मंदिरात आता अभंग संगमरवरात कोरलेले आहेत. दगडावरची ही गाथा कोणी बुडवू शकणार नाही, ही भावना समजण्यासारखी आहे. मात्र दगड झाला की संहिता स्थिर होते. पाठभेदाला जागा उरत नाही आणि लिहिणाऱ्याचा हातही दिसेनासा होतो. चरित्रपटाचा धोका नेमका हाच आहे. तो कवीचे आयुष्य एका नटाच्या चेहऱ्यात कोरून ठेवतो. पागनीसांच्या चेहऱ्याने कित्येक पिढ्यांचे तुकाराम ठरवले. येणाऱ्या चित्रपटाने नवा चेहरा कोरण्याऐवजी हात दाखवले तर? लेखनक्रिया पडद्यावर सहसा निर्जीव दिसते : दिव्याखाली वाकलेला माणूस, कागदावर सरकणारी लेखणी, मागे निवेदन. लेखन एकट्याने होते अशी समजूत तिच्यामागे असते. येथे मात्र एक म्हणतो आणि दुसरा ऐकून लिहितो. मधे शब्द हुकतो, पुन्हा विचारावा लागतो. वह्या पाण्यात गेल्यावर गावोगाव फिरून एकेका तोंडून चरण गोळा करावा लागतो. कवी, मग लोक, आणि शेवटी वही घेऊन बसलेला तेली, अशी ही दृश्यमालिका घडू शकते. अखेरची वर्षे म्हणजे काय घडले याचे उत्तर तिच्यात देहाच्या अदृश्य होण्याकडून संहितेच्या दृश्य होण्याकडे सरकते. विमान आणि घात यांपैकी एकाची निवड करण्याची सक्तीही मग उरत नाही.

आणि शेवट? तोही परंपरेने देऊन ठेवलेला आहे, केवळ त्याकडे शेवट म्हणून कोणी पाहिले नाही. संताजींची समाधी चाकणच्या पश्चिमेला सुदुंबरे येथे आहे. कथा अशी की, जो मागे राहील त्याने दुसऱ्याला मूठमाती द्यावी असे वचन दोघांत झाले होते. तुकाराम आधी गेले. पुढे संताजींनी देह ठेवला, तेव्हा कितीही माती लोटली तरी त्यांचा चेहरा झाकेना. अखेर तुकाराम वैकुंठाहून आले, त्यांनी तीन मुठी माती घातली आणि मग समाधी पुरी झाली. इतिहास म्हणून या कथेला किंमत नाही. वाङ्मयविचार म्हणून तिची किंमत फार मोठी आहे. ज्या कवीचा देह कोणालाही सापडला नाही आणि ज्याला कोणीही मूठमाती देऊ शकले नाही, त्याला लोककल्पनेने एकदा परत बोलावले, ते आपल्या लेखकाला माती देण्यासाठी. आयुष्यभर जो हात कवीसाठी चालला त्याच्यासाठी शेवटी कवीचा हात खाली येतो. महिपतींच्या विमानाहून ही कथा अधिक धीट आहे, कारण तिच्यात वैकुंठही एका तेल्याचे ऋणी ठरते.

कॅमेरा कोठे उभा करायचा हा सुरुवातीचा प्रश्न. देहूच्या नांदुरकीखाली तो आजवर अनेकदा उभा राहिला, आणि तेथून फक्त वर पाहता येते. सुदुंबऱ्याच्या मातीवर उभा केला तर त्याला खाली पाहावे लागेल : एका झाकत आलेल्या चेहऱ्याकडे, आणि मागे उरलेल्या वहीकडे.